वाणाची सही

पाण्याचा अर्ज मला तोंडपाठ आहे. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या विभागात गेल्या अनेक महिन्यांपासून अत्यंत कमी दाबाने पाणीपुरवठा होत असून महिलावर्गाची गैरसोय होत आहे.’ इथपर्यंत बोटं आपली आपण चालतात. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, रेशनकार्डात नाव चढवायचे अर्ज, नाव उतरवायचे अर्ज, आणि उन्हाळा जवळ आला की पाण्याचे. गैरसोय नेहमी महिलावर्गाचीच होते. पुरुषवर्ग बहुधा आंघोळ करत नसावा.

दुकानात माझ्या डोक्यावर एक पाटी आहे. ‘कागद पूर्ण वाचूनच सही करावी.’ खाली तेच हिंदीत. ती मीच टाइप करून, लॅमिनेट करून लावली, कारण सही करून बसल्यावर रडत येणारी माणसं मी फार पाहिली. “ताई, मला वाटलं ते नुसतं ओळखीसाठी आहे.” अशांना मी रागावते. माझा स्वभाव कडक आहे. नवऱ्याच्या मते कडू. लिहितावाचता येणाऱ्या माणसाने न वाचता सही केली तर मला त्याची अजिबात कीव येत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे.

राहायला मी बदलापुरात, कुळगावच्या बाजूला. आमच्या गल्लीत पाच इमारती एका रांगेत आहेत आणि आमची शेवटची. पाणी दिवसाआड. पाइप रस्त्याकडून गल्लीत शिरतो, तेव्हा पहिल्या इमारतीला पहिलं पाणी, आणि मधल्या सगळ्यांनी पाइपलाच मोटारी लावलेल्या. गल्लीत दोन घरं होती तेव्हाचा तो पाइप. इमारती वाढल्या, पाइप तेवढाच राहिला. आमच्याकडे नळ सोडला की आधी हवा फुसफुसते, मग करंगळीएवढी धार येते, आणि बादली अर्धी झाली की तीही जाते.

सगळ्यात शेवटचा नळ तळमजल्यावरच्या वहिनींचा. त्यांच्या नवऱ्याला मी भाऊ म्हणायचे, म्हणून त्या वहिनी. भाऊ गेल्यावर त्यांनी डबे सुरू केले. अंबरनाथच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचे चाळीस डबे रोज सकाळी रिक्षातून जायचे. चाळीस डबे म्हणजे तांदूळ धुवायला पाणी, डाळीला पाणी, आणि परत आलेले चाळीस डबे घासायला त्याहून जास्त पाणी. वहिनींचं माहेर बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर. माहेरची निम्मी भातशेती धरणाच्या पाण्यात गेलेली, आणि त्याच धरणाचं पाणी त्यांच्या नळाला येत नव्हतं. दुसऱ्या कोणी यावर प्रत्येक बैठकीत भाषण ठोकलं असतं. वहिनी म्हणायच्या, “गेली ती गेली.” विषय संपला.

त्या दिवाळीनंतर पाणी आणखी उतरलं. डब्यांना उशीर व्हायला लागला. डबे ठरवणाऱ्या मुकादमाने दोनदा बजावलं. वहिनी एकदा जिन्यात मला म्हणाल्या, “ताई, मी पाडव्यापर्यंत बघते. नायतर खोली सोडते. पाड्यावर भाऊ हाय.” रडगाणं नव्हतं. गॅस संपत आलाय असं सांगावं तसं सांगितलं.

त्यावरून आमची समिती झाली. पाच बायका आणि दोन निवृत्त पुरुष. निवृत्त पुरुषांना समितीला नाव हवं होतं, रबरी शिक्का हवा होता. मी म्हटलं, आधी अर्ज. मागणी एकच ठेवली: रस्त्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत जास्त व्यासाची नवीन लाइन. टँकर नको, वाढीव वेळ नको, आश्वासन नको. लेटरहेड कोणाचं नाही, सगळ्या घरांच्या सह्या, आणि पहिली सही वहिनींची, कारण त्यांचा नळ शेवटचा.

मी कागद त्यांच्यापुढे धरला तर त्या म्हणाल्या, “वाचून दाखवा ताई, मग करते.”

“अहो, मीच लिहिलाय.”

“हो, पन वाचून दाखवा.”

मला राग आला. इतक्या वर्षांची शेजारीण, आणि माझ्यावर विश्वास नाही? तरी वाचला, ‘महोदय’पासून ‘आपले विश्वासू’पर्यंत. मध्ये त्यांनी व्यास म्हणजे काय ते विचारलं. मी हाताने गोल करून दाखवला. मग त्यांनी पदर खोचला, पाटावर कागद ठेवला आणि एकेक अक्षर उभं करत सही केली. बाकीच्या तीस जणांनी जिन्यात उभ्या उभ्या सह्या ठोकल्या. एकानेही वाचला नाही.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातले साहेब सभ्य होते. मागणी रास्त आहे म्हणाले, प्रस्तावात घेतो म्हणाले, पोच दिली. शिवाय एक कामाची गोष्ट सांगितली. “तक्रार उभी आहे तोवर फाइल उभी. तेवढं सांभाळा.” मी इतके अर्ज टाइप केले, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत निवडणूक लागणार, लागणार अशी हवा होती. कित्येक वर्षांत झालेली नव्हती. त्यामुळे गल्लीत माजी नगरसेवक राहत होते, बॅनरवर भावी नगरसेवक हसत होते, आणि आजी कोणीच नव्हता. आमच्या अर्जाची बातमी फुटायला आठवडा लागला नाही.

पहिला पक्ष टँकर घेऊन आला. टँकरच्या पोटावर नेत्याचा फोटो, एवढा मोठा की पाणी त्यांच्याच कानातून निघतंय असं वाटावं. टँकर घ्यायचा नाही असा समितीचा ठराव होता आणि तो मीच लिहिला होता. टँकर दारात उभा राहिला तेव्हा पहिली बादली माझी होती. टँकर चार वेळा आला, चारही वेळा फोटो निघाले, मग यायचा थांबला.

दुसऱ्या पक्षाने ऑफिसवर हंडा मोर्चा काढला. पहिल्या रांगेत आमच्या गल्लीतल्या बायका, डोक्यावर नवे कोरे लखलखीत हंडे. ते हंडे कुठले हे मला माहीत होतं, कारण माझ्या शेजारचं दुकान भांड्यांचं आहे. दुसऱ्या दिवशी हंडे परत आले. शेजारचे सिंधी शेठ फडक्याने त्यांच्यावरचे पक्षाचे स्टिकर खरवडत होते. “ताई, एक दिन के लिए ले गए थे,” ते म्हणाले. “देखो, एक डेंट नहीं. पानी तो इसने देखा ही नहीं.”

आणि अर्ज टाइप करायला सगळे माझ्याकडेच. पांढऱ्या शर्टातला एक कार्यकर्ता आला. “ताई, तुमचा तो पाणीवाला ड्राफ्ट हाय ना, तोच द्या. फक्त ‘रहिवासी’च्या जागी आपल्या पक्षाचं नाव मारा. और नीचे थोडा ‘तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ वगैरे.” मी मारलं. महिन्याभरात आमचा अर्ज तीन पक्षांच्या तीन लेटरहेडवर गेला. मूळ अर्जात घाईत माझ्याकडून एक ओळ दोनदा पडली होती, तीही तिन्ही पक्षांनी तशीच पाठवली. इतकं एकमत त्यांच्यात मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मला यात गैर काही वाटलं नाही. कोंबडं कोणाचं का आरवेना, उजाडल्याशी मतलब, असा माझा हिशोब.

मग संक्रांत आली आणि तिसऱ्या पक्षाने हळदीकुंकू ठेवलं. भावी नगरसेवकांच्या पत्नी यजमान. पत्रिका घरोघर वाटली, ‘समस्त सुवासिनी भगिनींना आग्रहाचे निमंत्रण’. शेठनी आधीच सांगून ठेवलं होतं, “इस बार नल वाला पिंप जा रहा है ताई, स्टील का, एक नंबर.” पत्रिका वाटणारी मुलगी आमच्या इमारतीत आली तेव्हा मी जिन्यावर होते. वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मुलीने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, पत्रिका हातातच ठेवली आणि वर आली. वहिनींनी मान वर केली नाही.

मला राग आला. नवऱ्याला बोलून दाखवण्याइतका आला. दुसऱ्या दिवशी काठाची साडी नेसून मी हळदीकुंकवाला गेले.

मैदानात मांडव, मागे नेत्यांचे फोटो, पुढे पिंपांची रास. प्रत्येक पिंपाला खाली छोटा चकचकीत नळ. कपाळाला हळदीकुंकू लागलं, हातात तिळगूळ पडला, आणि वाणाच्या टेबलाशी एका मुलीने पॅड पुढे केलं. “ताई, इथे नाव, इथे बिल्डिंग, इथे सही. वाण मिळाल्याची.” कागदाचा वरचा भाग तिच्या तळहाताखाली होता. मागून बायका रेटत होत्या, एकीचं कडेवरचं मूल माझा गजरा ओढत होतं. वाणाला कोणी नाही म्हणत नाही. वाण देणाऱ्या बाईला ‘थांबा, आधी कागद दाखवा’ असं तर आमच्याकडे कोणी स्वप्नातही म्हणणार नाही. मी सही केली. माझी सही वळणदार आहे.

पिंप घेऊन घरी आले. तिळगूळ वहिनींना नेऊन दिला. त्यांनी पिंपाकडे पाहिलं. “छान हाय,” म्हणाल्या. “नळ बी हाय.” त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यापासून पाणी खरोखर अर्धा तास जास्त यायला लागलं. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला कोणीतरी सांगितलं असणार. बायका म्हणाल्या, “बघा, यांनी करून दाखवलं.” वहिनींचे डबे वेळेवर गेले. तीन आठवड्यांनी अर्धा तास गेला आणि नळाला पुन्हा हवा यायला लागली.

फाल्गुनात मी ऑफिसात गेले, प्रस्ताव कुठवर आला ते विचारायला. साहेब म्हणाले, “बाई, तुमची फाइल बंद झाली की. तुम्हीच बंद केलीत.”

त्यांनी फाइल उघडून पुढे सरकवली. वर पक्षाचं पत्र होतं, नेत्यांच्या प्रयत्नांनी गल्लीतला पाण्याचा प्रश्न कायमचा सुटल्याचं. मागे सह्यांचे कागद. पहिल्या कागदाच्या डोक्यावर, जिथे त्या मुलीचा तळहात होता तिथे, दोन ओळी होत्या. ‘आम्ही खालील रहिवासी समाधानकारक पाणीपुरवठ्याबद्दल आभार मानतो व आमची मूळ तक्रार मागे घेत आहोत.’ माझी सही सातवी.

“ही तुमचीच ना?” साहेबांनी विचारलं. उगाच विचारलं असावं, कारण माझा चेहरा त्यांना दिसत होता.

मी सांगितलं, की ही वाण मिळाल्याची सही आहे. पिंप मिळाला त्याची. सांगताना माझा मलाच आवाज ओळखीचा वाटला. ‘मला वाटलं ते नुसतं ओळखीसाठी आहे’ म्हणणाऱ्यांचा तो आवाज होता.

साहेबांनी आमचा मूळ अर्ज काढला आणि दोन्ही याद्यांवरून पेन्सिल फिरवली. काही घरांत नवऱ्याने अर्जावर सही केलेली आणि बायकोने वाणाची. ते त्यांनी एकच धरलं. “सगळी घरं आहेत,” ते म्हणाले, “पहिलं नाव सोडून. या बाईंनी तक्रार मागे घेतलेली नाही. त्यांनी पत्र दिलं तर मला फाइल उघडता येईल. पण प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून जाणार. आधीचा एव्हाना मंजूर झाला असता.”

पाडव्याला तीन आठवडे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी माझ्याच पाटीखाली बसायची मला लाज वाटली. मी सह्या नाकारणारं पत्र टाइप केलं आणि संध्याकाळी दारोदार फिरले. कोणी सही केली नाही. “ताई, वाण घेतलंय. आता नाही म्हणायचं बरं दिसत नाही.” “मग पिंप परत करायचा का? वाण परत करतात का कधी?” एकीने तर पिंप पुसून, त्यावर कुंकू लावून देवापुढे ठेवला होता. यातली एकही बाई लबाड नव्हती. पांढऱ्या शर्टातला तो कार्यकर्ताही त्या दिवसांत दुकानात आला. तो दुसऱ्या पक्षाचा, हसून म्हणाला, “ताई, आयडिया मस्त होती त्यांची. आम्हाला सुचायला पाहिजे होती.” मी त्याला दुकानातून हाकललं.

मग दोनच पत्रं झाली. एक माझं, एक वहिनींचं. मी खाली गेले आणि काय झालं ते सगळं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. तवा उतरवून, हात पुसून त्या म्हणाल्या, “वाचून दाखवा.” मी वाचलं. त्यांनी सही केली, पहिल्यासारखीच, एकेक अक्षर उभं करत. मला चुकलं म्हणायचं होतं, ते राहून गेलं. मी पत्र घेऊन वर आले.

चाळीस डब्यांचे वीस झाले होते, विसाचे बारा. मुकादमाने तिसऱ्यांदा बजावलं नाही, सरळ दुसरी बाई बघितली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींचा भाऊ टेम्पो घेऊन आला. मी डब्यांच्या चळती उतरवायला मदत केली. मोठं पातेलं मी आणि त्यांनी दोन्हीकडून धरून नेलं. जाताना त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली, मालक येईल तेव्हा द्या म्हणाल्या, आणि टेम्पोत पुढे बसल्या.

गणपतीनंतर गल्ली खोदली. लाइन पडली. आता निवडणूक खरंच तोंडावर आली होती, तेव्हा उद्घाटनं तीन झाली. एकाच व्हॉल्व्हपुढे एका पक्षाने सकाळी नारळ फोडला, दुसऱ्याने दुपारी, तिसऱ्याने संध्याकाळी. गल्लीच्या तोंडाशी तीन बॅनर लागले आणि तिन्हींवर पाठपुराव्याला यश आलं होतं. जलपूजनाला सुवासिनी हवी म्हणून तिन्ही वेळा मला बोलावणं आलं. तिन्ही वेळा मी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं.

दिवाळीच्या सुमारास पोस्टमनने एक पाकीट माझ्या हातात दिलं. खाली कुलूप आहे, तुम्हीच घ्या म्हणाला. ऑफिसचं पत्र, वहिनींच्या नावाने. फाइलवर तक्रारदार म्हणून पहिलं नाव त्यांचंच होतं, म्हणून काम पूर्ण झाल्याचं कळवलं होतं त्यांना. मला नाही, समितीला नाही, तिन्ही पक्षांपैकी कोणालाही नाही.

रविवारी मी पाड्यावर गेले. भात कापून झालं होतं, अंगणात भारे रचलेले. वहिनी सुपाने भात वारवत होत्या. काळ्या पडल्या होत्या, हाताला चिरा पडल्या होत्या. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. विहिरीचं होतं. नळ तिथे अजून गेलेला नाही.

मी पाकीट दिलं. “कुनाचं हाय?”

“तुमच्या नावाचं. पाण्याच्या ऑफिसातून.”

“मग वाचून दाखवा.”

मी वाचलं. जावक क्रमांक, दिनांक, ‘प्रति’, त्यांचं पूर्ण नाव, ‘विषय’, ‘संदर्भ: आपली तक्रार’, जलवाहिनीचा व्यास, काम पूर्ण झाल्याचा मजकूर, सही, शिक्का. एक शब्द गाळला नाही. व्यास आला तेव्हा त्यांनी हाताने गोल केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मग मी म्हटलं, “वहिनी, माझं चुकलं. मी सहीआधी कागद वाचला असता तर बाकीच्यांनाही थांबवलं असतं, फाइल बंद झाली नसती, आणि लाइन पाडव्याच्या आत पडली असती. तुम्ही गेला नसता.”

त्यांनी माझ्या हातातलं पत्र घेतलं. “मना बोलावलं असतं तर मी पन केली असती,” म्हणाल्या. “सनाच्या दिवशी कोन वाचत बसतं?”

ते खरं नव्हतं. त्यांना बोलावलं असतं तर टेबलाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या असत्या, वाचून दाखवा. रांग अडली असती, मागच्या बायका ओरडल्या असत्या, त्या मुलीला हात उचलावा लागला असता. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

त्यांनी पत्राची घडी घातली आणि पदराच्या गाठीत ठेवली.

“येतं ना आता पानी? वरती, तुमच्याकडं?”

“येतं,” मी म्हटलं. “भरपूर येतं.”